आठला बंद

हुकूम फोनवर यायचा. "मामा, उद्या आठला बंद." एवढंच. मी "बरं साहेब" म्हणायचो, सकाळी धरणावर जायचो, विमोचकाच्या, म्हणजे धरणाच्या तळाशी पाणी सोडायच्या दरवाजाच्या, खोलीचं कुलूप काढायचो आणि दरवाजा खाली घ्यायला लागायचो. लाईट असली तर मोटर, नसली तर दोघांनी मिळून हँडल. अर्ध्या तासात दरवाजा तळाला टेकायचा. मग नोंदवहीत निळ्या शाईनं लिहायचं: ०८.३० वा. नदी विमोचक पूर्ण बंद. विसर्ग निरंक. खाली सही.

असं निरंक, म्हणजे शून्य, मी ३१ वर्षं लिहिलं. त्या निरंकचा खाली नदीत काय अर्थ होतो ते बघायला एकदाही गेलो नव्हतो.

धरणाचं आणि नदीचं नाव लिहीत नाही. ज्यांनी आमचं ऐकलं त्यातले दोघं-तिघं अजून नोकरीत आहेत. सातारा जिल्ह्यातली कृष्णेला मिळणारी एक नदी आणि तिच्यावरचं एक धरण, एवढं पुरे. कोयनेचं १०५ टीएमसीचं शिवसागर डोळ्यापुढं आणाल तर आमचं धरण म्हणजे त्याच्या काठावरचं एखादं तळं. मी १९८६ ला तिथं रोजंदारीवर लागलो, पुढं सीआरटीवर, म्हणजे रोजंदारांना नियमित करतात त्या आस्थापनेवर, कायम झालो, आणि २०२१ च्या ३१ मेला दरवाजा चालवता चालवताच निवृत्त झालो. (माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म शाळेतल्या गुरुजींनी १ जूनला उरकलाय, त्यामुळं आम्ही सगळे एकाच दिवशी घरी बसतो.)

एप्रिल २०१७. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडायची पाळी, संपलं होतं, आठला बंद करून मी पलीकडच्या गावात जावळाच्या जेवणाला निघालो होतो. नेहमीचा रस्ता कालव्याच्या कडेनं. पण त्या दिवशी फरशी पुलावरून गेलो. साडेदहा झाले असतील. पुलाखाली ही गर्दी. पोरं, बाया, म्हातारी माणसं, कुणाकडं बादली, कुणाकडं टोपली, दोघा पोरांनी घरची मच्छरदाणी ताणून धरलेली. दोन तासांपूर्वी जिथं मांडीएवढं पाणी होतं तिथं ओले दगड आणि दगडांमध्ये डबकी. मासे हातानं उचलत होते लोक.

तात्या तेवढा पुलाच्या कठड्यावर बसून होता. तात्या भोई, त्याच्या चार पिढ्या ह्या नदीवर जगल्या. सगळं गाव मासं धरतंय आणि हा विडी ओढत बसलेला, म्हणून मी गाडी थांबवली.

"काय तात्या, आज सुट्टी?"

"तुमीच बंद केलं न्हवं पानी?" त्यानं माझ्याकडं न बघताच विचारलं.

"व्हय. साहेबांचा फोन होता."

"या हिकडं. दाखवतो."

कडेच्या एका उथळ पन्हळीत त्यानं मला नेलं. नदी भरून वाहते तेव्हा तिथं पोटरीएवढं, संथ, उबदार पाणी असतं. मोठा मासा तिथं येत नाही म्हणून पिल्लं तिथंच राहतात. आता तिचं तोंड दगडांनी अडलं होतं. परातीएवढं डबकं उरलं होतं, त्यात पाणी चार बोटं. आधी मला ते पाणी हलतंय असं वाटलं. पाणी नव्हे, पिल्लं. बोटाच्या पेरापेक्षा लहान, एकावर एक, सगळ्यांची तोंडं वर. मी हात घातला तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट. बाजूच्या दगडावर मळ्या मासे चिकटलेले होते. मळ्याला हनुवटीखाली एक चकती असते, तिनं तो धारेतल्या दगडाला धरून राहतो. पाणी खाली गेलं तरी ह्यांनी दगड सोडलेला नव्हता. पाठ वाळून पांढरी पडलेली.

"मोठं मासं लोकं खात्यात, त्याचं काय न्हाई," तात्या म्हणाला. "पन हे बी हाय वो. बी मरतंय. दर पाळीला मरतंय."

दर पाळीला. मी मनात हिशेब केला. रब्बीच्या दोन, उन्हाळ्याच्या दोन-तीन, शिवाय पावसाळ्यात सांडव्याचे दरवाजे चार वेळा उघडायचे, चार वेळा लावायचे. गुणिले ३१. जावळाचं जेवण त्या दिवशी गोड लागलं नाही.

शाखा अभियंता तेव्हा मराठवाड्यातला एक तरुण पोरगा होता. त्याला सांगितलं तर हसला. "मामा, मासे आपल्या खात्यात येत नाहीत. मत्स्यव्यवसाय वेगळं खातं आहे." चुकीचं काहीच बोलला नाही तो. आमचं खातं पाणी मोजतं, ते खातं मत्स्यबीज मोजतं, आणि नदी ह्या दोघांच्याही नोंदवहीत नाही. तरी पोरगा चांगला. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "पण मामा, मरतात का खरंच? पाणी तर डोहात राहतंच की."

डोहात राहतंच, हे आम्हा सगळ्यांना वाटायचं. पाणी कमी झालं की मासा डोहात जाईल, त्याला काय अक्कल नाही? अक्कल आहे, पण त्याला वेळ लागतो. पावसाचं पाणी आपसूक ओसरतं तेव्हा दोन-चार दिवस लागतात आणि मासा त्या चालीनं मागं सरकत जातो. आम्ही तेच अर्ध्या तासात करत होतो. पिल्लू घाबरलं की खोल पाण्याकडं पळत नाही, जवळच्या दगडाखाली शिरतं. नंतर तो दगडच कोरडा पडतो.

हे मला कराडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी समजावलं. त्या मुलांना घेऊन नदीतल्या माशांची यादी करायला आल्या होत्या आणि तात्या त्यांचा वाटाड्या होता. त्यांच्याबरोबर हिंडताना एक गंमत कळली. १८३९ मध्ये कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं केली आणि कित्येकांना मराठी नावंच लॅटिनमध्ये बसवून दिली. मळ्याचं 'मुल्या', कोळसचं 'कोलस', महसीराचं 'खुद्री'. एका माशाचं 'नुक्ता'. मॅडमनी फोनवर त्याचं चित्र दाखवलं, कपाळावर टेंगूळ आणि त्याखाली नाक कापल्यासारखी खाच. तात्या बघतच राहिला, मग खो खो हसला. "आवो मॅडम, नुक्ता कसला! नकटा म्हना की!" खुद्रीला तो खडची म्हणतो. लहानपणी पुरुषभर लांबीची खडची बापाच्या जाळ्यात बघितल्याचं सांगतो. त्यातला निम्मा पुरुष मी सोडून देतो.

मॅडमनी यादी दाखवली तेव्हा मला आणखी एक गोष्ट नव्यानं कळली. आपण बाजारात नदीचा मासा म्हणून घेतो ते रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे, आपल्याकडं आणून सोडलेले. चिलापी तर आफ्रिकेतली. चिलापी आपली अंडी-पिल्लं तोंडात घेऊन फिरते, त्यामुळं पाणी वरखाली झालं तरी तिचं फारसं बिघडत नाही. मार बसतो तो दगडगोट्यांत, वाहत्या धारेत अंडी टाकणाऱ्यांना. खडचीची अंडी गोट्यांच्या फटीत पडतात, पिल्लं फुटायला तीन-चार दिवस, आणि पुढचे कित्येक दिवस ती फटीतच. मध्ये एकदा जरी पाणी खाली गेलं तरी खेळ संपला. म्हणजे आम्ही दर पाळीला नदी निवडत होतो, आणि निवडून चिलापी ठेवत होतो.

"मग करायचं काय?" मी विचारलं. मला वाटलं, त्या जादा पाणी मागतील. पाणी मागितलं की विषय संपला, कारण आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी मागणाऱ्यांची रांग माशांपाशी पोचेपर्यंत धरण रिकामं होतं.

पण त्या म्हणाल्या, "जादा नको. आहे तेच हळू बंद करा." नॉर्वेत जलविद्युत केंद्रांखालच्या नद्यांत ट्राउट माशांवर प्रयोग झालेत. पाण्याची पातळी तासाला दहा सेंटिमीटरपेक्षा हळू उतरवली तर अडकणारी पिल्लं खूप कमी होतात. "ट्राउट वेगळा, मळ्या वेगळा, मामा. पण सुरुवातीला धरून चालायला आकडा बरा आहे." मला हे बोलणं आवडलं. पहिल्यांदाच कुणीतरी मला नदी वाचवायला सांगत नव्हतं, चाक कसं फिरवायचं ते सांगत होतं.

शाखा अभियंत्यानं वर न विचारता एक पाळी करून बघायला होकार दिला. जानेवारी २०१८, रब्बीचं आवर्तन. नदीत ३०० क्युसेक चाललं होतं, म्हणजे सेकंदाला साधारण साडेआठ हजार लिटर. आदल्या दिवशी मी आणि तात्यानं फरशीपाशी एका मोठ्या खडकावर ऑइलपेंटनं पांढऱ्या रेघा मारल्या, दर पाच सेंटिमीटरला एक, पोराच्या फूटपट्टीनं मोजून. मग सकाळी आठपासून दर दोन तासांनी ५० क्युसेक कमी. आठला २५०, दहाला २००, असं करत संध्याकाळी सहाला शून्य. मी वर चाकाशी, तात्या खाली खडकापाशी, मध्ये फोन.

सकाळी तात्याचा फोन, "दीड रेघ बी उतरलं न्हाई. झ्याक चाललंय." बाराला, दोनला तेच. चारला मी ५० वर आणलं तरी ठीक. सहाला शेवटचे ५० बंद केले आणि अंधार पडताना खाली गेलो. तात्या बॅटरी घेऊन उभा. पन्हळी कोरडी. परातीएवढं तेच डबकं, तीच पिल्लं, यावेळी थंडीत. दिवसभराची कसरत पाण्यात.

मी वैतागून घरी आलो. रात्री जेवताना तात्यानं लिहून घेतलेले आकडे बघितले (तात्या लिहीत नाही, त्याच्या नातवानं लिहिले होते). पहिल्या ५० क्युसेकला पाणी ६ सेंटिमीटर उतरलं होतं. शेवटच्या ५० ला पुरतं एक फूट.

आकडा तोच, ५०. पण नदी भरून वाहते तेव्हा पाणी पसरट आणि जोरात असतं, त्यातले ५० गेले तर तिला कळतही नाही. तळाशी आल्यावर तेवढेच ५० म्हणजे तिचं सगळं असणं. घरातही तसंच असतं, तीस हजार पगारातले पाच हजार कापले तर बायको कुरकुर करते, शेवटचे पाच हजार कापले तर चूल बंद. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, बरोबर आहे, पातळी आणि विसर्ग ह्यांचा आलेख सरळ रेघ नसतो. हे आमच्या साहेब लोकांना पदवीच्या पहिल्या पुस्तकात शिकवलेलं असणार. मी दरवाजाच्या खोलीत भिंतीवरचा विसर्गाचा तक्ता तीस वर्षं बघत होतो, पण तो तक्ता दरवाजाचा होता, नदीचा नव्हता.

मग अभियंता पोरानं आणि मी बसून टप्पे उलटे बांधले. क्युसेक सारखे न ठेवता पातळी सारखी उतरेल असे. ३०० वरून २३०, मग १७०, १२०, ८०, ५०, ३०, १५, ५ आणि बंद. प्रत्येक टप्पा एक तासाचा. खडकावरच्या रेघांप्रमाणं दर टप्प्याला सात ते नऊ सेंटिमीटर. आठ तासांत काम.

एप्रिलच्या पाळीला हे करणार तोच वरून फोन आला. जानेवारीत बंद करायला दहा तास का लागले, ह्याचा खुलासा. आठला बंद करायचं पाणी संध्याकाळी सहापर्यंत चालवल्यानं ५४ लाख घनफूट पाणी विनापरवानगी नदीत गेलं होतं. धरणातल्या पाण्याच्या हजारात दोन भागही नाही, पण विनापरवानगी ते विनापरवानगी. मी घाबरलो. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, चौकशी लागली तर पेन्शन अडकते.

उपविभागीय कार्यालयात बैठक झाली. मॅडम आल्या होत्या, कागद घेऊन. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीच्या पर्यावरणासाठी प्रवाहाचा काही भाग राखावा असं म्हटलंय. राष्ट्रीय हरित लवादानं ऑगस्ट २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना नद्यांत कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी ठेवायला सांगितलंय. साहेबांनी कागद नीट वाचले, बाजूला ठेवले आणि म्हणाले, "आमच्या मंजूर पाणी वापरात ही बाब नाही." कागदाला कागदानं उत्तर. अर्धा तास तेच चाललं.

शेवटी अभियंता पोरगा उठला आणि फळ्यावर गेला. टप्प्यांच्या आठ तासांत एकूण किती पाणी जातं ते त्यानं मांडलं. बेरीज आली २५ लाख २० हजार घनफूट. मग त्यानं विचारलं, "साहेब, हेच पाणी पूर्ण ३०० नं किती वेळात जातं?" स्वतःच उत्तर लिहिलं, २ तास २० मिनिटं. "म्हणजे आठला बंदचा आदेश असेल तर आपण पावणेसहाच्या आधी, पाच चाळीसला कमी करायला लागायचं आणि दीड वाजून गेल्यावर, एक चाळीसला संपवायचं. सुरुवात आधी, शेवट नंतर. एकूण पाणी तेच. एक थेंब जादा नाही."

खोलीत शांतता झाली. साहेबांनी हिशेब पुन्हा केला, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर. मग म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलं?"

त्यांचा एकच आक्षेप उरला, आणि तो खरा होता. शेवटच्या बंधाऱ्यावरचे शेतकरी. आमच्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे पाच बंधारे आहेत, ऑक्टोबरात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, मेअखेरीला काढतात. आवर्तनाचं पाणी एकेक बंधारा भरत खाली जातं, आणि शेवटच्या बंधाऱ्यावर मोटारी असणाऱ्यांना कायम वाटतं की वरच्यांनी पाणी खाल्लं. धार पहाटेच बारीक व्हायला लागली की त्यांचा फोन येणार. आलाच. पहिल्या पाळीला तिघं जण गाडीवरून धरणावर आले, "मामा, माशासाठी आमचा ऊस वाळवताय का?" मी त्यांना नोंदवही दाखवली, बेरीज दाखवली. दोघांना पटलं. तिसरा म्हणाला, "आकडे आमाला दाखवू नका." त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. पुढच्या पाळीला शेवटच्या बंधाऱ्याची पातळी मोजून त्यालाच फोन करून सांगितली, तीन पाळ्या सांगितली, मग त्यानं विचारणं सोडलं.

आणखी एक बदल आम्ही केला, तो माझ्या मते सगळ्यात कामाचा. बंदची वेळ सकाळी आठवरून रात्री बारावर नेली. म्हणजे नऊ चाळीसला पहिला टप्पा, पहाटे पाच चाळीसला शेवटचा. ऊन नाही, त्यामुळं जी पिल्लं अडकतात ती लगेच शिजत नाहीत, आणि तात्याचा नातू नि त्याचे दोस्त उजाडायच्या आत ती बादलीनं डोहात सोडतात. दुसरं म्हणजे गर्दी नाही. आठला बंद हे गावाला पाठ होतं, व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री फिरायचं. पहाटे सहाला मच्छरदाणी घेऊन कोण येतंय! ह्यात अडचण एकच, माझी झोप. रात्रभर तासातासाला चाक फिरवायचं, त्याला जादा भत्ता नाही, आणि धरणाच्या भिंतीवर बिबट्याची ये-जा. घरची म्हणायची, "साऱ्या जन्मात माझ्यासाठी कधी एक रात्र जागला नाहीत."

उघडतानाही तीच शिस्त ठेवली, पण त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की उन्हाळ्यात विमोचकातून आलेल्या पहिल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. धरणाच्या तळाचं पाणी ते, थंड आणि त्यात प्राणवायू जवळजवळ नाही. ते एकदम सोडलं की खालच्या डोहातले मासे तोंड वर काढतात. थोडं थोडं सोडलं की दगडांवर आपटत जाताना हवा खातं आणि सुधारतं. खाली सांगलीला आयर्विन पुलाच्या आसपास मासे तरंगले की पेपरात फोटो येतो, पण ते दुखणं साखर कारखान्यांच्या मळीचं आणि सांडपाण्याचं, त्यात उन्हाळ्याचं तापलेलं पाणी. ३० अंशाच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतच नाही, आणि घाण तो खाऊन टाकते. आमच्याकडचं मरण त्याहून गुपचूप. त्याचा फोटो कुणी काढत नाही, कारण मेलेला मासा बोटाच्या पेराएवढा असतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात दोन पाळ्या व्यवस्थित झाल्या. पन्हळीचं पाणी रेघ रेघ करत उतरायचं आणि पिल्लांचा थवा त्याच्या मागं मागं सरकत मुख्य धारेला लागायचा. मी पहाटे बॅटरीच्या उजेडात हे बघितलंय. दगडाला चिकटलेला मळ्या पाणी पाठीपर्यंत आलं की सुटतो, हातभर खाली सरकतो, पुन्हा चिकटतो. परत पाणी पाठीला लागलं की परत. जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

मग २०१९ आलं. त्या ऑगस्टमध्ये कोयना, वारणा, आम्ही, सगळेच सोडत होतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका मानतात, तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माणसं छपरावर बसलेली असताना माशाचं नाव कोण काढणार, आणि काढूही नये. आम्ही आठ दिवस धरणावरच होतो. पूर ओसरला तेव्हा फरशी पूल अर्धा वाहून गेलेला, रेघांचा खडक कुठं गेला पत्ता नाही, पन्हळी गाळानं भरलेली. तात्या म्हणाला, "नदीनं घर बदललं." सगळे टप्पे नव्यानं बसवावे लागले. तात्यानं नवी पन्हळी शोधली, पाऊण किलोमीटर खाली. तिथं पुन्हा ऑइलपेंट.

पुरानंतर दुरुस्तीची कामं निघाली. २०२० च्या सुरुवातीला आमच्या विमोचकाची रबर सील बदलली. ह्याची एक गोष्ट आहे. तो दरवाजा कितीतरी वर्षं गळत होता. दर निरीक्षणात शेरा यायचा, 'गळती आढळली, उपाययोजना करावी'. नवी सील बसली, गळती बंद झाली, ठेकेदारानं फोटो काढले. आणि त्या मे महिन्यात धरणाखालचा मोठा डोह आयुष्यात पहिल्यांदा हिरवा पडला. ती गळतीच त्याला जगवत होती. मी ज्याला तीस वर्षं निरंक म्हणत होतो ते निरंक कधी नव्हतंच, पाच-सात क्युसेक कायम चालू होतं, आणि त्यावर वाम, शिंगाळे, मरळ उन्हाळा काढत होते.

आता पाच क्युसेक मागायचे कसे? आदेशाशिवाय दरवाजा बोटभरही उचलता येत नाही. अभियंता पोराची तोवर बदली झालेली. नवीन साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचार केला, म्हणाले, "मामा, सील खरंच एवढी पक्की बसलीय का? जरा तपासा." मी तपासली. दरवाजा दोन बोटं वर राहील असा बसवला. नोंदवहीत त्या दिवसापासून लिहायला लागलो: विमोचक बंद. गळती अंदाजे ५ क्युसेक. दिवसाला ४ लाख ३२ हजार घनफूट. त्याहून जास्त पाणी त्या दिवसांत उन्हानं उडून जातं आणि त्याचा खुलासा कुणी मागत नाही. निरीक्षणात पुन्हा शेरा आला, 'गळती आढळली'. मला तो शेरा वाचून एवढा आनंद कधी झाला नव्हता.

सगळं जमलं असं समजू नका. पावसाळ्यात सांडव्याचे दरवाजे लावायची वेळ येते तेव्हा टप्पे कुणी पाळत नाही, पाऊस थांबला की साठा करायची घाई असते. मृगाच्या पाण्यावर चढणीचा मासा वर येतो आणि खालच्या बंधाऱ्याला डोकं आपटतो, कारण बरगे काढायला उशीर झालेला असतो. लेखी आदेश आजही नाही. जे चाललंय ते सवयीवर, दरवाजावर कोण आहे त्यावर. खडचीची पिल्लं मॅडमना अजून सापडलेली नाहीत. मळ्या वाढलाय, कोळस दिसतो, तात्याच्या फेकजाळ्यात चिलापीबरोबर चार गावठी मासे येतात.

माझ्या जागी आता एक पोरगा आहे, ठेकेदाराकडचा. हुशार आहे, चाकाला मोटर नीट बसवून घेतलीय त्यानं. गेल्या पाळीला मला रात्री अडीचला जाग आली. घर नदीपासून लांब नाही, पण पाण्याचा आवाज येण्याइतकं जवळही नाही. सवयीनं आली असेल. चप्पल घातली, बॅटरी घेतली, पन्हळीवर गेलो. रेघांवर उजेड टाकला. दोन रेघांच्या मध्ये पाणी, अजून उतरतंय, जरा भरभर. दगडावर एक मळ्या पाणी पाठीला लागल्यावर चुळबुळत होता.

फोन लावला. "पन्नासवरून तीसवर आलायस ना? एकदम नको येऊस. चाळीसवर थांब, अर्ध्या तासानं तीस कर."

"तुम्हाला कसं कळलं मामा?"

"रेघ बघतोय."

थोडा वेळ नुसता मोटरचा आवाज. मग थांबला. "केलं चाळीस. आता झोपा की जावा."

"झोपतो," म्हणालो आणि बॅटरी विझवून तिथंच दगडावर टेकलो. मळ्यानं अजून दगड सोडला नव्हता.